घेवड्याच्या दोऱ्याचं माप

लॉरेल ओढा, केंटकी
७ सप्टेंबर १९७६

रीव्हाबाळ,

आणि सगळ्यात आधी टपकला कोण म्हणशील, तर होबर्टच. टपालाची गाडी वळणाआड गेलीसुद्धा नव्हती, तोवर हा फाटकाशी हजर. टोपी मागे सारून म्हणतो, "वहिनी, एवढा लांबलचक खोका कसला? शवपेटी तर नव्हे?"

मी म्हटलं, "शवपेटी असती तर तुझ्या मापाची मागवली असती, होबर्ट. आम्हा दोघांपेक्षा तुझी घाई जास्त."

हसला. त्याच्या मागोमाग त्याची जिनीव्हा आली, कमरेवर घेवड्याची टोपली घेऊन. तिला म्हणे दोरा हवा होता. तिच्या घरी दोरा नाही यावर मी विश्वास ठेवावा म्हणते ती! पण बरं वाटलं गं. या ओढ्याकाठी आता धूर निघतो तो दोनच घरांतून. मी म्हटलं, आलीच आहेस तर बस, इथेच वाळवणाच्या शेंगा ओवू. मग आम्ही दोघी पडवीत सुईदोरा घेऊन बसलो. यंदा घेवडा इतका लागलाय की चुलीमागच्या साऱ्या खिळ्यांना माळा टांगल्या तरी टोपल्या रित्या होत नाहीत. पाठ मोडते बघ. बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही, असं झालंय माझं.

तर खोका. तुझ्या आजाने तो पडवीतल्या बाकावर ठेवला आणि खिशातल्या चाकूने उघडला. आत बंदूक, पण बंदूक म्हणावी अशी नाही. सगळी सुटी सुटी. मेपलचा दस्ता अर्धवट कोरलेला, नळी वेगळी तेलकट कागदात, आणि एका पिशवीत बारीकसारीक पितळ नि पोलाद. चापाखालची कमान, ठासायचा गज अडकवायच्या नळ्या, स्क्रू, बाभळीच्या काट्याएवढ्या पिना. ठासणीची चकमकीची बंदूक, पण आपली आपण जुळवायची. तुझ्या आजाच्या वयाला हे कोण मागवतं? लोक या वयात खुर्ची मागवतात.

होबर्टला कुठे धीर. त्याने घोड्याची पट्टी उचलली, दस्त्याला लावून पाहिली, उलटी करून पाहिली आणि ओरडला, "डेल्मर! अरे फसवलं तुला! घोडा डावीकडे दिलाय. आरशातली बंदूक आहे ही. परत पाठव."

"खोका मी मागवला की तू?"

"तू. पण मी म्हणतो..."

"मग शेंगा ओव."

आणि होबर्टने खरंच एक शेंग उचलली गं! जिनीव्हाने माझ्याकडे पाहिलं. मी दातांनी दोरा तोडला. आपल्या घरात डाव्या खांद्याला बंदूक कोण लावायचं, हे तुला मी काय सांगू?

तुझा पत्ता जिनीव्हाच्या बहिणीने दिला. ती डेटनलाच एका लाँड्रीत आहे आणि तिने तुला बाजारात पाहिलं म्हणे. वाळलीस म्हणाली. तिला सगळेच वाळलेले दिसतात, ती स्वतः तशी आहे ना.

एक सांगून ठेवते. हे पत्र लिहायला म्हाताऱ्याने सांगितलेलं नाही. मी लिहिते हे त्याला ठाऊकही नाही.

तुझी आजी,
ऑर्लीना


२३ सप्टेंबर

रीव्हा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. ओहायोत टपाल सावकाश फिरत असेल.

तांबड्या कोंबडीने यंदा उशिरा पिल्लं काढली. थंडीत काय करणार ती बया, तिचं तिला ठाऊक. पाद्री एल्झी येऊन गेले. प्रार्थना केली, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या पाच खाल्ल्या आणि जाताना पडवीत उभे राहून म्हणाले, "डेल्मर, हे काम म्हणजे अगदी देवाचं काम वाटतं बघ." तुझा आजा म्हणाला, "देवाला एवढा वेळ लागला नसता."

खरंच फार वेळ लागतोय. मला वाटलं होतं स्क्रू पिळायचे नि झालं. कसलं! प्रत्येक तुकड्याला लाकडात त्याच्या मापाची खाच हवी, आणि ती खाच नजरेने कोरता येत नाही. मग हा काय करतो, कंदिलाची काच काढतो, पितळेचा तुकडा ज्योतीवर धरतो, काजळी धरू देतो. मग तो काळा तुकडा लाकडावर दाबतो आणि उचलतो. लाकडाला जिथे काळं लागलं तिथेच अडतंय. मग तेवढंच खरवडायचं, नखाएवढं. परत काजळी, परत दाबायचं, परत खरवडायचं. दिवसभर हेच. माझ्या स्वयंपाकघराचं छत काळं झालंय, टॉवेल काळे, त्याचं नाक काळं. परवा रात्री खोकताना रुमालावर काळं पडलं, तर मी तो दोनदा उलटून पाहिला. मग आठवलं, कंदील. पण इतकी वर्षं खाणीत छातीत गेलेला कोळसाही तसाच काळा असतो ना गं. कुठलं काळं कशाचं ते कसं ओळखावं? मी रुमाल धुऊन टाकला.

हात थरथरतात त्याचे. मोठं काम जमतं. नळी बसवली, घोड्याची पट्टी बसवली. बारीक तुकड्यांशी मात्र मारामारी चालते. गजाच्या नळीची पीन आडवी ठोकायची असते, त्यासाठी सुईएवढं भोक पाडावं लागतं. एक भोक तिरकं गेलं. दस्त्याच्या दुसऱ्या बाजूने पीन बाहेर आली ती भलत्याच जागी. त्या दिवशी तो जेवला नाही. होबर्ट म्हणाला, "दे इकडे, माझे हात अजून धड आहेत." तुझा आजा म्हणाला, "तुझे हात धड आहेत, पण डोकं?" भोक त्याने मेपलच्या काडीने बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी नवं पाडलं. काडी कुठे आहे ते मलासुद्धा आता शोधावं लागतं.

मी एकदा विचारलं, इतकं कशाला जिवाला लावून घेतोस, बंदूक आहे की घरात. भिंतीवरच आहे, त्याच्या बापाची.

म्हणाला, "तिचा घोडा उजवीकडे आहे."

"मग?"

"चकमक पडली की दारूचा भडका त्या बाजूला उडतो. डाव्या खांद्याला लावणाऱ्याच्या तोंडावर."

एवढं बोलून परत काजळी धरायला लागला.

मी चुलीकडे तोंड केलं. मला आठवला तुझा गाल. तू गेलीस त्या वर्षीची नेमबाजी, बैलाच्या मांसाच्या बक्षिसाची. प्रत्येकाने आपापली जाळून काळी केलेली फळी आणायची, चाकूने तीवर फुली काढायची आणि ज्याची गोळी फुलीच्या सगळ्यात जवळ त्याला मागचा पाय. तू त्याच्या बापाची बंदूक डाव्या खांद्याला लावलीस आणि फुलीच्या मधोमध भोक पाडलंस. गालावर दारूचे काळे ठिपके, जणू कुणी मिरी उधळली. सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मग पंचाने विचारलं, फळी कुणाची? आणि तुझा आजा म्हणाला, माझी.

मांस मी शिजवलं. तू हात लावला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहायोची बस धरलीस, गालावर ठिपके तसेच.

यातलं काही मी त्याला आजवर बोलले नाही आणि त्यानेही मला नाही. आम्ही दुसरं पुष्कळ बोलतो. कोंबड्यांबद्दल बोलतो.

आजी


९ ऑक्टोबर

बाळे,

आज एक तमाशा झाला. तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही, म्हणून पाय कोमट पाण्यात ठेवून लिहिते आहे. कागदावर पाणी पडलंय ते त्याचंच, दुसरं काही समजू नकोस.

बंदूक जवळजवळ झालीय. राहिलीय ती फक्त टाच. टाच म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी पट्टी, चंद्रकोरीसारखी वाकलेली, खांद्यात बसणारी. सगळ्यांत अवघड तीच म्हणे. कारण ती बसवायच्या आधी दस्ता कापावा लागतो, आणि तो ज्याचा हात त्याच्याच मापाने. कोपर वाकवायचं, कोपराच्या खोलगटीपासून चाप ओढणाऱ्या बोटापर्यंत मोजायचं, तेवढाच दस्ता हवा. लांब ठेवला तर खांद्यात अडतो, आखूड झाला तर अंगठा नाकावर आदळतो. आणि एकदा कापलं की कापलं.

बाकी सगळं झाल्यावर तुझा आजा थांबला. टाच घासून लखलखीत केली, रुमालात गुंडाळली नि माझ्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. होबर्ट रोज विचारायचा, "अरे काप की. आता कुणाची वाट बघतोस?" हा म्हणायचा, "लाकूड वाळतंय."

"वाळलेलंच आलं होतं ते!"

"अजून वाळतंय."

मग या आठवड्यात म्हाताऱ्याच्या दम्याने उचल खाल्ली. दोन उशा पाठीशी, खिडकी उघडी, श्वास ऐकवत नाही. डॉक्टर आला आणि मला बाहेर नेऊन जे बोलला ते मी लिहीत नाही. म्हाताऱ्याने सगळं आतून ऐकलं असणार, कारण मी परत आत गेले तर म्हणतो, "डॉक्टरला घेवडा दिलास का?"

आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. माणूस अंथरुणाला खिळलं की शेजाऱ्याने त्याचं राहिलेलं काम उरकून टाकायचं. लाकडं फोडून द्यायची, मका खुडून द्यायचा, आणि विचारायचं नाही, कारण विचारलं तर माणूस नको म्हणणार. होबर्टने तेच केलं बिचाऱ्याने. आज दुपारी आजाचा डोळा लागला होता. मी नि जिनीव्हा मागे माळा उतरवत होतो. होबर्ट आला, पडवीतल्या खुंटीवरून आजाचं खाणीतलं जुनं जाकीट काढलं, बाहीवरून माप घेतलं, दस्त्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि करवत लावली.

आजा झोपला होता गं. मी शप्पथ घेते, गाढ झोपला होता. पण करवतीचे दोन हात मारून झाले असतील नसतील, तो दारात उभा. अनवाणी, लांब चड्डीवर.

"हात काढ!"

एवढा मोठा आवाज मी त्याच्या छातीतून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. होबर्टच्या हातून करवत पडली. म्हणाला, "डेल्मर, अरे तुझ्याच बाहीचं माप घेतलंय, सूतभरसुद्धा चूक नाही..."

"तेच चुकलंय. माझा हात नाही तो."

"मग कुणाचा?"

आजा दाराच्या चौकटीला धरून उभा. श्वास मावत नव्हता. जिनीव्हा आणि मी, हातात माळा तशाच.

"तिचा. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. माझ्या मापाने कापशील तर नाक फुटेल पोरीचं."

नाव घेतलं नाही. पण आम्हा तिघांसमोर तुझ्याबद्दल बोलला, तू गेल्यापासून पहिल्यांदा. होबर्टने दस्ता उचलून परत पाहिला. घोडा डावीकडे. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आरशातली नव्हे तर." आणि मग, होबर्टच तो, त्याला गप्प बसवतं का? म्हणाला, "अरे मग माप विचार ना तिला. तेरा सेंटचं तिकीट लागतं."

"कुठल्या तोंडाने विचारू?"

होबर्टने करवत उचलून खुंटीला लावली. जिनीव्हा म्हणाली, "चला, मी कॉफी टाकते." मी तिला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

करवतीचा ओरखडा पडलाय. बोटाच्या पेराएवढा खोल नाही, पण आहे.

आता ऐक. तुझा आजा कुठल्या तोंडाने विचारील ते त्याचं तो बघेल. माझं तोंड मला आहे, चांगलं मोठं आहे. या पाकिटात घेवड्याचा दोरा घातलाय. डावं कोपर वाकव, खोलगटीशी दोऱ्याचं टोक धर, पहिल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत ताण आणि तिथे गाठ मार. दुसरं कुणाला तरी मोजायला सांग, आपलं आपण मोजलं की चुकतं. पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. दोरा तेवढा पाठव. त्याच्या अंगात अजून एकच टाच बसवण्यापुरती ताकद आहे, रीव्हा, आणि ती मी दुसऱ्या कशाला वापरू देणार नाही. लाकडंसुद्धा मीच फोडते आहे.

दोऱ्याला घेवड्याचा वास येईल. धुऊन दिला नाही. मुद्दामच.

आजी


२८ ऑक्टोबर, गुरुवार

माझ्या सोन्या,

पाकीट सोमवारी आलं. सगळ्यात आधी कोण टपकलं ते आता विचारूच नकोस. टपालवाल्याने पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा होबर्ट त्याच्या गाडीतूनच उतरला, वळणावर भेटला म्हणे, म्हणून बसला.

आत कागद नव्हता. मी पाकीट उलटं करून झटकलं. दोरा पडला, गाठ मारलेला. आणि त्याबरोबर आणखी एक पडला. आखूड. माझ्या तळहातावर मावेल एवढा.

जिनीव्हा म्हणाली, "तुकडा तुटून आलाय वाटतं."

"तुटलेल्याला कोण गाठ मारतं?" मी म्हटलं. त्याच्याही टोकाला गाठ होती, तशीच, दुहेरी, मी तुला शिकवलेली.

मी पडवीतल्या पायरीवर बसले. होबर्टने विचारलं, "वहिनी, चक्कर आली का?" मी नाही म्हटलं, नुसती हसत बसले. माझे वरचे दात घरात होते, तरी हसत बसले. मग जिनीव्हाला समजलं आणि तिने तोंडाला पदरासारखा एप्रन लावला. मग होबर्टला समजलं, सगळ्यांत शेवटी, आणि त्याने टोपी काढली. प्रार्थनेला काढतो तशी.

दोरे मी आत नेले. आजा खुर्चीत होता, पायांवर गोधडी. लांब दोरा घेतला, दस्त्यावर ताणला. होबर्टच्या ओरखड्याच्या चांगला तीन बोटं मागे आला. म्हणाला, "सांगितलं होतं ना?" मग मी दुसरा दोरा त्याच्या हातावर ठेवला.

"हे काय? मांजराचा हात मोजलाय?"

मी त्याच्या पायांवरची गोधडी सारखी केली. त्याने तो दोरा आपल्या करंगळीवर ठेवला, मनगटावर ठेवला, डोळ्यांजवळ नेऊन गाठ पाहिली. बराच वेळ. खिडकीबाहेर होबर्ट उभा होता, ऐकत नाही असं दाखवत.

मग म्हाताऱ्याने विचारलं, "डावा की उजवा?"

तेव्हा तेवढं कळव. तो रोज विचारतो. मी म्हणते, मला काय ठाऊक, पाकिटात होतं तेवढंच तुला दिलं. मुलगा की मुलगी हे अजून एकदाही विचारलेलं नाही त्याने, मीच आपली मरते आहे ऐकायला.

त्याने दस्ता स्वतः कापला. होबर्टने नुसता धरून ठेवला, तोंड मिटून, जे होबर्टला करवत चालवण्यापेक्षा जड गेलं. टाच बसवायला तीन दिवस लागले. काजळी, दाबणं, खरवडणं, मध्ये मध्ये झोप. शेवटच्या दिवशी मी कंदील धरला, त्याचे हात धरले आणि तिसऱ्या वेळेला टाच अशी बसली की कागदही आत जाईना. कापलेला तुकडा चुलीत टाकायला मी उचलला तर म्हणाला, "राहू दे. त्यातून लहान काहीतरी होईल."

ओरखडा मेण नि भुशाने बुजवतो म्हणून होबर्ट मागे लागला होता. आजा म्हणाला, "नको. तिला कळू दे शेजारी कोण राहतं." मग दस्ता पुसत, वर न बघता म्हणाला, "होबर्ट, त्या वर्षीची फळी तिची होती."

होबर्ट म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं, डेल्मर. तिचा गाल आम्हीही पाहिला होता. कुणीच काही बोललं नाही."

मग होबर्टने घेवड्याची एक माळ मागितली घरी न्यायला आणि आजाने दिली. माझी माळ, मला न विचारता!

तो आता झोपलाय. श्वास तसाच आहे, काही बदललेलं नाही. मी थकले आहे गं, इतकी थकले आहे की बसल्या बसल्या डोळा लागतो. पण रात्री उठून तो लहान दोरा चाचपते, आहे ना म्हणून. पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. बंदूक भिंतीवर टांगली, जुनीच्या शेजारी, घोडा दुसऱ्या बाजूला. त्याने एक फळीही जाळून ठेवलीय. तीवर फुली काढली नाही. ती ज्याची त्याने काढायची असते.

नेमबाजी पुढच्या शनिवारी, सहा नोव्हेंबरला, चर्चच्या मागच्या माळावरच. आजाला चालवत नाही म्हणून होबर्ट नि जिनीव्हा ट्रक घेऊन येणार आहेत. मागे गवत अंथरून गोधड्या टाकतो म्हणाला, कितीही माणसं मावतील, लहानसुद्धा. जाताना फाटकापाशी थांबून त्याने दोनदा सांगितलं, मी विसरेन म्हणून. ते त्या शनिवारी सकाळी येणार आहेत.